नऊ क्लिक, एक चित्र

(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात सोसायटीच्या सभागृहात, पडद्यावर चित्रं दाखवत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर. बोलण्याच्या ओघातली वाक्यं फारशी बदललेली नाहीत. रंगीत पानांचा खर्च लक्षात घेऊन स्मरणिकेत त्यातली दोनच चित्रं घेतली आहेत.)



महिला मंडळाच्या पाककला स्पर्धेचा निकाल आणि डॉक्टरांचं मधुमेहावरचं भाषण यांच्या मधल्या पाऊण तासात मला बसवलंय. म्हणजे गोड खाल्ल्यानंतर आणि त्याची भीती वाटण्याआधी. सचिवांनी विषय विचारला तेव्हा मी 'मल्टिपल एक्स्पोजर' असं सांगितलं होतं. त्यांनी फलकावर 'फोटोग्राफीवर व्याख्यान' एवढंच लिहिलं. बरंच केलं. मूळ नाव वाचून निम्मे लोक घरीच थांबले असते.

विषय सोपा आहे. फोटो काढताना कॅमेऱ्याचा पडदा क्षणभर उघडतो, आत उजेड येतो, त्याची नोंद होते. या एका उघडझापीला एक्स्पोजर म्हणतात. एका चित्राला एक उघडझाप, हा नेहमीचा हिशोब. मल्टिपल एक्स्पोजर म्हणजे त्याच चित्रावर ती दोनदा, चारदा, नऊदा करायची. पहिल्यांदा अख्खं झाड घेतलं, दुसऱ्यांदा त्याच चौकटीवर त्याची पानं जवळून घेतली, तिसऱ्यांदा त्याच्या मागचं आभाळ. तिन्ही एकमेकांत मिसळून एकच चित्र तयार होतं. आणि हे सगळं कॅमेऱ्याच्या पोटातच होतं, आपण पुळणीवर उभे असतानाच. घरी येऊन कॉम्प्युटरवर जोडाजोड नाही. हा मुद्दा माझ्या दृष्टीने महत्त्वाचा आहे, त्याकडे नंतर येतो.

यात नवीन काही नाही. माझ्या वयाच्या मंडळींना आगफाचा क्लिक थ्री आठवत असेल. बडोद्याला तयार व्हायचा. एका रोलवर बारा फोटो, मागे लाल काचेची छोटी खिडकी, तिच्यातून आकडा बघत रोल पुढे सरकवायचा. त्या कॅमेऱ्याचं बटण आणि रोल यांचा एकमेकांशी संबंध नव्हता. रोल न सरकवता पुन्हा बटण दाबलं, तर तो बिचारा तक्रार न करता त्याच जागी दुसरा फोटो काढायचा. म्हणून तर घरोघरच्या आल्बममध्ये गणपतीची आरास आणि माथेरानची सहल एकाच फोटोत सापडते. 'फोटो वाया गेला' म्हणून तो आल्बमच्या शेवटच्या पानात खोचून ठेवलेला असतो. आज रात्री घरी जाऊन शोधा. फेकू नका, मला दाखवा.

आणि स्टुडिओवाले तर हे मुद्दाम करायचे. १९७०-८० च्या सुमाराचे लग्नाचे आल्बम काढून बघा. चंद्रात वधूचा चेहरा, कमळात दोघांचे चेहरे. (आमच्याही आल्बममध्ये आहे. सौ. समोर बसल्यात, म्हणून तो पडद्यावर दाखवत नाही.) त्याच्याही मागे जायचं तर दादासाहेब फाळके. १९१३ चा 'राजा हरिश्चंद्र' सगळ्यांना माहीत आहे. पण फाळके सिनेमाआधी फोटोग्राफर होते, जादूचे प्रयोगही करायचे, आपल्या आडनावाची अक्षरं उलटी करून 'प्रोफेसर केळफा' या नावाने. देव प्रकट होणं, अदृश्य होणं हे सगळं त्यांना त्या वेळी कॅमेऱ्यातच साधावं लागायचं. फिल्म मागे गुंडाळायची आणि त्याच पट्टीवर पुन्हा चित्र घ्यायचं, ही त्या काळच्या ट्रिकफोटोग्राफीची मुख्य युक्ती होती. चित्रपटासाठी भांडवल मिळावं म्हणून फाळक्यांनी १९१२ मध्ये 'अंकुराची वाढ' नावाची एक छोटी फिल्म केली. मटाराचा दाणा कुंडीत पेरला, त्याचं रोप होईपर्यंत रोज थोडी थोडी चित्रं घेतली. महिनाभराचा वेळ मिनिट-दोन मिनिटांत मावला. ते मल्टिपल एक्स्पोजर नव्हे, पण वेळ घडी घालून पेटीत ठेवायची ही ओढ तीच.

पण देव प्रकट करणं वेगळं आणि मी आज दाखवणार आहे ते वेगळं. या चित्रांत ओळखू येण्यासारखं फार काही नाही. रेषा आहेत, रंग आहेत, हलल्यासारखं काहीतरी आहे. याला अमूर्त म्हणतात. मघाशी पहिलं चित्र लागलं तेव्हा कोणीतरी हळूच म्हणालं, "काकांचा हात हललाय." ऐकलं मी! एका स्पर्धेच्या परीक्षकांनीही असंच चित्र परत पाठवताना तेच लिहिलं होतं, इंग्रजीत.

अमूर्त फोटो अलिबागला नवे नाहीत, हे मात्र आपल्या गावात फारसं कोणाला ठाऊक नसतं. आपली चुंबकीय वेधशाळा. रोज तिच्यावरून जातो आपण. मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येणार, त्यांच्यामुळे कुलाब्याच्या वेधशाळेतली चुंबकीय मोजमापं बिघडणार, म्हणून १९०४ मध्ये ती इथे आली. इमारत बांधताना लोखंड वापरलं नाही. तिथे पृथ्वीच्या चुंबकत्वातले चढउतार नोंदवायची जुनी पद्धत फोटोग्राफीची होती. अंधाऱ्या खोलीत टांगलेला चुंबक, त्याला चिकटवलेला लहानसा आरसा, आरशावरून परावर्तित होणारा उजेडाचा ठिपका, आणि घड्याळाच्या गतीने फिरणाऱ्या रुळावर गुंडाळलेला फोटोचा कागद. चुंबक जरासा हलला की ठिपका हलायचा. दिवसभराने कागद धुतला की एक वाकडीतिकडी रेघ. त्या फोटोत ना झाड, ना माणूस, ना समुद्र. पण पृथ्वीचा एक अख्खा दिवस त्यात असायचा. त्याला 'हात हललाय' असं कोणी म्हणत नाही.

आता कॅमेऱ्याच्या आतला हिशोब. कॅनन, निकॉन, फुजी वगैरे कंपन्यांच्या बऱ्याच कॅमेऱ्यांत ही सोय असते. अगदी स्वस्तातल्यांत बहुधा नसते, घेताना विचारून घ्या. काहींत दोन-तीन एक्स्पोजर चालतात, काहींत नऊ-दहा. माझ्या कॅमेऱ्यात नऊ. ही एक्स्पोजर एकमेकांत कशी मिसळायची त्याच्या चार पद्धती असतात. पुस्तकात वाचून मला त्या कळल्या नव्हत्या, बँकेच्या भाषेत लगेच कळल्या. तशाच सांगतो.

पहिली, बेरीज. सगळा उजेड एकत्र जमा. पेला एकच आणि चौघांनी ओतायचं, तर प्रत्येकाने पाव पेलाच ओतला पाहिजे, नाहीतर उतू जाईल, म्हणजे चित्र पांढरंफटक होईल. दोन एक्स्पोजर असतील तर प्रत्येकी निम्मा उजेड, चार असतील तर चौथा हिस्सा. फिल्मच्या जमान्यात हीच एक पद्धत होती आणि हे गणित स्वतः करावं लागायचं.

दुसरी, सरासरी. इथे गणित कॅमेरा करतो. नऊ एक्स्पोजर असतील तर प्रत्येकाला बरोबर एक नवमांश वजन.

तिसरी आणि चौथी यांची गंमत आहे. तुमच्यापैकी जुन्या खातेदारांना आठवत असेल, बचत खात्यावर व्याज कसं मिळायचं? महिन्याच्या दहा तारखेपासून अखेरपर्यंत खात्यात जी कमीत कमी शिल्लक असेल, तिच्यावर. तीस दिवस लाख रुपये ठेवा आणि एकतीस तारखेला काढून घ्या, व्याज उरलेल्या पाचशेवर! लोक काउंटरवर येऊन भांडायचे, आणि आम्ही नियमाकडे बोट दाखवायचो. १ एप्रिल २०१० पासून रिझर्व्ह बँकेने रोजच्या शिल्लकेवर व्याज मोजायला लावलं. तर कॅमेऱ्यातली 'डार्क' पद्धत म्हणजे ही जुनी किमान शिल्लक. चित्रातल्या प्रत्येक बिंदूवर नऊ एक्स्पोजरपैकी जो सर्वांत काळा असेल तोच राहतो, बाकीचे गेले. 'ब्राइट' याच्या उलट, सर्वांत उजळ तोच राहतो. आणि सरासरी म्हणजे रोजची शिल्लक. एवढं लक्षात ठेवलंत तर कॅमेऱ्याचं माहितीपुस्तक वाचायची गरज नाही.

याचा उपयोग काय? हे चित्र बघा. अक्षीची पुळण, थंडीतली सकाळ. तिथे हिवाळ्यात कुरव पक्षी येतात, शेकड्यांनी. कॅमेरा तिवईवर पक्का, आभाळ पांढरट, आणि पद्धत 'डार्क'. दर दोन-तीन सेकंदांनी एक, अशी नऊ एक्स्पोजर. पांढऱ्या आभाळापुढे पक्षी गडद दिसतो, आणि गडद ते राहतं, म्हणून नऊही वेळचे सगळे पक्षी चित्रात राहिले. आठ-दहा पक्ष्यांच्या थव्याचे सत्तर-ऐंशी झालेत. थवा कुठून आला, कुठे वळला, कुठे खाली उतरला ते सगळं एका चौकटीत दिसतं. एत्येन-ज्यूल मारे या फ्रेंच शरीरशास्त्रज्ञाने १८८२ मध्ये उडणाऱ्या पक्ष्यांची अशीच चित्रं एकाच काचेवर घेतली होती. पंख वर जातो कसा, खाली येतो कसा, हे डोळ्याला दिसत नव्हतं, ते त्याला मोजायचं होतं. त्याच्यासाठी ते शास्त्र होतं. मला बघायला सुंदर वाटतं, इतकंच.

हेच 'ब्राइट' पद्धतीने केलं असतं तर? एकही पक्षी उरला नसता, नुसतं आभाळ! करून बघितलंय मी.

आणि हॅरी कॅलाहन या अमेरिकन फोटोग्राफरचं नाव सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. झाडं, गवत, पत्नी एलेनॉर, हे सगळं एकमेकांवर घेतलेली त्याची चित्रं आजही संग्रहालयांत लावतात. हा माणूस सुरुवातीला एका मोटार कंपनीत कारकून होता आणि फोटोग्राफी स्वतःच शिकला. कारकुनी करणाऱ्यांबद्दल माझ्या मनात थोडा पक्षपात आहे, तो तुम्ही समजून घ्या.

आता समुद्राकडे. समुद्राचे फोटो काढायचे तर भरती-ओहोटी कळली पाहिजे, आणि मोबाईलच्या अॅपपेक्षा आपल्या कोकणचा जुना ठोकताळा मला जवळचा वाटतो. तिथीला पाऊणने गुणायचं, भरतीची वेळ मिळते. पाऊणकी पाठ असणारे इथे किती जण आहेत? हात वर करा... सहा. सगळे पासष्टच्या पुढचे. अष्टमीला आठ पाऊणे सहा, म्हणजे सहाच्या सुमाराला भरती आणि बाराच्या सुमाराला ओहोटी. पौर्णिमेला पंधरा पाऊणे सव्वाअकरा, म्हणजे दुपारी भरती आणि संध्याकाळी ओहोटी. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे. अमावास्येलाही हाच हिशोब.

हे चित्र अष्टमीचं आहे. आपला कुलाबा किल्ला. दुपारी बाराला पूर्ण ओहोटी, लोक पँटी गुडघ्यापर्यंत दुमडून किल्ल्याकडे चालत निघालेत, घोडागाड्या चालल्यात. ते पहिलं एक्स्पोजर. किनाऱ्यावरच्या कठड्याशी तिवई जिथे ठेवली त्या जागी खडूने खुणा केल्या, घरी आलो, जेवलो, वामकुक्षी केली. संध्याकाळी सहाला त्याच खुणांवर तिवई, त्याच उंचीवर कॅमेरा. काही कॅमेऱ्यांत कार्डावर आधी घेतलेला फोटो पहिलं एक्स्पोजर म्हणून निवडता येतो, तसा दुपारचा निवडला आणि त्याच्यावर भरतीचा किल्ला घेतला. पद्धत सरासरी. आता नीट बघा. ही माणसं पाण्यातून चाललीत, पाण्याखालून नाही आणि पाण्यावरूनही नाही. अर्धपारदर्शक माणसं, अर्धपारदर्शक पाणी. घोड्याचे पाय वाळूवर आहेत आणि त्याच्या पोटाशी लाट आहे. माझ्या नातीने विचारलं, "आजोबा, हे खोटं आहे ना?" मी तिला म्हटलं, यातलं काय खोटं आहे ते सांग. माणसं होती? होती. पाणी होतं? होतं. जागा तीच? तीच. मग? ती विचार करून म्हणाली, "वेळ खोटी आहे." वय वर्षं अकरा. मला उत्तर सुचलं नाही, अजून सुचलेलं नाही.

एवढं मात्र तिला सांगितलं, की तुझ्या बाबांचा मोबाईल रात्री फोटो काढतो तेव्हा तोही एक फोटो काढत नाही. भराभर अनेक काढतो, त्यांतलं बरं-बरं निवडून एकत्र करतो आणि एकच फोटो म्हणून आपल्या हातात ठेवतो. आपल्याला सांगतसुद्धा नाही. मी निदान सांगून करतो.

यानंतरचं चित्र दिवेआगरचं आहे. याच्यावर जरा थांबणार आहे.

दिवेआगर हे सौ.चं माहेर. तिथे माझ्या मेहुण्यांची नारळी-पोफळीची वाडी आहे. पोफळीच्या वाडीत शिरलं की उभ्या रेषाच रेषा असतात, आणि वरून झिरपणारा हिरवा उजेड. फेब्रुवारी २०२० मध्ये आम्ही गेलो होतो तेव्हा हे घेतलं. कॅमेरा हातातच, तिवई नाही. पाच एक्स्पोजर, सरासरी, आणि प्रत्येक वेळी कॅमेरा बोटभर बाजूला. खोडं मोजता येत नाहीत इतकी झाली. ती कापडाच्या उभ्या धाग्यांसारखी दिसतात, आणि सगळी किंचित डुलल्यासारखी. याच भेटीत मी वाडीचे साधे फोटोही काढले होते. पाण्याचा पाट, खळं, रहाट, मेहुणे सुपाऱ्यांच्या ढिगाशी उभे, असे.

३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं. इथे अलिबागला आपण काय पाहिलं ते सांगायला नको. सुरूची झाडं आडवी, पत्रे उडालेले, वीज गेलेली. पण दक्षिणेला, दिवेआगर-श्रीवर्धनकडे, ते सरळ अंगावरच आलं. ताशी शंभर किलोमीटरच्या वरचा वारा. पोफळ उंच आणि बारीक, एक पडली की शेजारचीला घेऊन पडते. मेहुण्यांच्या वाडीत किती उभ्या राहिल्या ते बोटांवर मोजता आलं असतं, असं ते म्हणायचे. पोफळ आज लावली की उद्या धरत नाही. बरीच वर्षं जातात. मेहुणे तेव्हा अडुसष्टचे होते.

पंचनाम्यासाठी त्यांना आधीची बाग दाखवायची होती. तिकडे वीज नाही, मोबाईल लागत नाही. माझे साधे फोटो मुलाने कसेबसे त्यांच्यापर्यंत पोचवले, ते कामी आले. त्या फोटोंत झाडं मोजता येत होती. हे पाच एक्स्पोजरचं चित्र पंचनाम्याला काडीच्या उपयोगाचं नव्हतं. तलाठ्याला ते दाखवलं असतं तर त्याने आम्हाला बाहेरच काढलं असतं. हे मी मुद्दाम सांगतोय. ज्यांना वाटतं की असल्या चित्रांपुढे साधा फोटो कमी दर्जाचा, त्यांच्याशी माझं जमत नाही. मोजायचं असेल तिथे साधा फोटोच पाहिजे.

दिवाळीनंतर आम्हाला तिकडे जाता आलं. सगळ्या फोटोंच्या प्रती मी बरोबर नेल्या होत्या, त्यात हेही चित्र चुकून-माकून नाही, ठरवूनच घातलं होतं, पण तळाशी. दाखवावं की नाही असं वाटत होतं. ओटीवर बसून मेहुण्यांनी सगळे फोटो पाहिले, एकेक झाड बोट लावून ओळखलं. हे आलं तेव्हा बराच वेळ हातात धरून बसले. मग म्हणाले, "भाऊजी, बाकीचे कपाटात ठेवतो. हा बाहेर लावायला मोठा करून द्या."

मी म्हटलं, "अहो, यात तुमची बाग ओळखूसुद्धा येत नाही."

ते म्हणाले, "येते ना. यात झाडं उभी पण आहेत आणि हलतायत पण. त्या दिवशी पडायच्या आधी अशीच दिसली."

त्या दिवशी ते खिडकीतून बघत होते. ते चित्र आज त्यांच्या ओटीवर आहे. वाडीत त्यांनी नवी रोपं लावली, ती आता माणसाच्या वर गेलीत.

...पुढचं चित्र लावा.

कॉम्प्युटरवर का नाही, असं तरुण मंडळी मला नेहमी विचारतात. तिथे हवे तितके थर चढवता येतात, नको तो पुसता येतो. खरंय. पण आम्ही लेजर शाईने लिहायचो. रबर नव्हताच. चुकलेल्या आकड्यावर एक रेघ, वर बरोबर आकडा आणि सही. त्यामुळे आकडा लिहिण्याआधी माणूस क्षणभर थांबायचा. माझ्या कॅमेऱ्यात सगळी सुटी एक्स्पोजर जपून ठेवायची सोय आहे, ती मी बंद ठेवली आहे. फक्त शेवटचं एकत्र चित्र उरतं. त्यामुळे सातव्या एक्स्पोजरच्या वेळी आधीची सहा डोक्यात धरून उभं राहावं लागतं. लाट कुठपर्यंत आली होती, सुरूची फांदी कुठे होती, उजेड किती उतरलाय. बाकी कशाचा विचार करायला जागाच उरत नाही. या वयात ते किती सुखाचं असतं, ते रिटायर झाल्यावर कळेल तुम्हाला. आणि दहांतली आठ चित्रं फुकट जातात, हेही सांगून ठेवतो. डिजिटलमध्ये त्याला पैसे पडत नाहीत.

आता शेवटचं चित्र. हे प्रवेशद्वाराशी लावलंय, स्मरणिकेतही घेतलंय, आणि "हे काय आहे" असं मला आतापर्यंत जवळजवळ प्रत्येकाने विचारलंय. हे आपल्या आवारातलं उंडीचं झाड आहे. सोसायटी उभी राहण्याआधी इथे वाडी होती, तिच्यातलं हे एकच झाड उरलं. मी नऊ घरांत गेलो. तळमजल्यापासून चौथ्या मजल्यापर्यंत, ज्या ज्या खिडकीतून किंवा गॅलरीतून ते दिसतं तिथून एकेक एक्स्पोजर घेतलं. खोड चौकटीच्या मधोमध ठेवायचं, एवढा एकच नियम. कॅमेरा मधेच झोपू नये म्हणून त्याची आपोआप बंद होण्याची सोय काढून टाकली होती आणि मी घाईत होतो. तरी दोन ठिकाणी चहा आणि एका ठिकाणी थालीपीठ खावं लागलं. तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी खिडकीतल्या तुळशीची कुंडी बाजूला घेतली. मी म्हटलं राहू द्या, ती पण झाडच आहे. म्हणून इथे खाली डावीकडे तुम्हाला काहीतरी लालसर दिसतंय, ती कुंडी.

चौथ्या मजल्यावरून हे झाड म्हणजे वरून बघितलेली हिरवी छत्री आहे. दुसऱ्या मजल्यावरून नुसती चकचकीत पानं, आणि फुलांच्या दिवसांत पांढरी फुलं आणि मधमाश्या. तळमजल्यावरून ते झाड म्हणजे अंधार आहे. हेही सांगायला हवं. तिथल्या दोन घरांत दिवसा दिवे लावावे लागतात, मुळांनी फरशीचे ब्लॉक उचलले आहेत, पावसाळ्यात तिथे एक आजी घसरल्या होत्या. तळमजल्यावरचं एक्स्पोजर सर्वांत काळं आलं.

तुम्हाला माहीत आहे की हे झाड काढून तिथे चार गाड्यांची पार्किंग करावी, हा विषय येत्या सर्वसाधारण सभेपुढे आहे. ठराव झाला तरी नगरपरिषदेची परवानगी लागेल. झाडांच्या संरक्षणाचा १९७५ चा कायदा आहे. पण ते पुढचं. माझं मत मी सभेत मांडीन, आजच सांगतो की ते झाड राहावं असं आहे. फांद्या विरळ करता येतात, ब्लॉक पुन्हा बसवता येतात, त्याचा खर्च मी काढून आणणार आहे. आज मला फक्त चित्राबद्दल बोलायचंय. हे 'डार्क' पद्धतीने केलं असतं तर तळमजल्याचा अंधारच राहिला असता, बाकी आठ घरं पुसली गेली असती. 'ब्राइट'ने केलं असतं तर वरच्या मजल्यांचं आभाळ राहिलं असतं आणि खालच्यांचं गाऱ्हाणं दिसलंच नसतं. मी सरासरी घेतली. नऊ घरं, प्रत्येकाला एक नवमांश. सहकारात एक सभासद एक मत असतं ना, तसं.

त्यात झाड स्पष्ट दिसत नाही, हे कबूल. मधोमध खोडाचा एक गडद पट्टा तेवढा नऊही घरांनी मिळून पक्का केलाय, बाकी सगळं तरंगतंय. आपल्या पार्किंग समितीचे एक सदस्य बराच वेळ चित्रापुढे उभे होते. मला म्हणाले, "काका, यात गाडी कुठे बसवायची?" हसू नका, प्रश्न खरा आहे. त्यांना दोन लहान मुलं आहेत आणि रोज रात्री गाडी दोन गल्ल्या पलीकडे लावून भिजत यावं लागतं. मी त्यांना म्हटलं, तुमच्या खिडकीतून मी घेतलंय तो हा उजवीकडचा भाग. ते म्हणाले, "हो, ओळखलं मी. सकाळी खंड्या बसतो ना, ती फांदी." सभेत ते काय मत देतील, मी विचारलं नाही.

डॉक्टर घड्याळ बघतायत, आवरतो. ज्यांना करून बघायचंय त्यांच्यासाठी: येत्या अमावास्येला संध्याकाळी अक्षीला ओहोटी आहे. ओल्या पुळणीत आभाळ पडलेलं असतं, सुरूचं बन मागे असतं, आणि अर्धा तास उजेड फार चांगला मिळतो. पाच वाजता आपल्या गेटवर जमू. रिक्षाचे पैसे वाटून. कॅमेरा नसेल तर माझा आहे, प्रत्येकी एक चित्र, नऊ क्लिक. चपला जुन्या घाला, पाणी आणा. जुन्या आल्बममधले ते वाया गेलेले फोटोही घेऊन या, तिथे वाळूत बसून बघू.